मयेकर चीफचं ओस्तिया

मयेकरकाकांनी मला खोली दाखवायच्या आधी सिंकखालचा पाइप दाखवला.

सिंगापुरात, बुकित बातोकमध्ये अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्यानं द्यायची आहे आणि मालक मराठी आहेत, एवढं कळल्यावर मी ऑफिसातून तसाच, गळ्यातला बिल्ला न काढता गेलो होतो. दार उघडणाऱ्या गृहस्थांनी माझं नाव विचारलं नाही. "वाक," म्हणाले. मी वाकलो. करमाळ्याच्या शाळेत दहा वर्षं काढलेल्या माणसाला 'वाक' म्हटल्यावर 'का' विचारायची सवय नसते. हातातल्या टॉर्चनं त्यांनी दाखवलं. पाणी इथून येतं, हा कॉक, इथून खाली जातं, इथं वॉशिंग मशीनचं येऊन मिळतं. "आता तू सांग." मी सांगितलं. एके ठिकाणी चुकलो, तेवढं त्यांनी पुन्हा दाखवलं. मग बाथरूम, मग मीटरची पेटी, मग कचरा थेट तळमजल्यावर सोडायची शूट. खोली सगळ्यात शेवटी पाहिली, तीही मीच दार ढकलून.

आतून बाईमाणसाचा आवाज आला, "अहो, त्याला पाणी तरी द्या."

"पाणी कुठून येतं ते दाखवलंय," काका म्हणाले.

त्या सुलभाकाकू. पाणी त्यांनीच आणून दिलं, सोबत रव्याचा लाडू. खोली मी त्या लाडवावर घेतली.

पाइपमागे फिरायच्या या प्रकाराला काकांच्या धंद्यात 'लाईन ट्रेस करणं' म्हणतात. रवींद्र मयेकर मूळचे देवगडचे. पंचवीस वर्षं तेलाच्या जहाजांवर, त्यातली शेवटची बारा चीफ इंजिनिअर म्हणून. नंतर सिंगापूरच्या एका जहाज कंपनीच्या ऑफिसात खुर्ची मिळाली तेव्हा डोंबिवलीहून बिऱ्हाड इकडे आलं, आणि आता ते रिटायर आहेत. म्हणजे पगार थांबलाय, बाकी सगळं चालू आहे. नव्या जहाजावर चढलेल्या इंजिनिअरनं पहिल्या आठवड्यात टॉर्च आणि वही घेऊन इंजिनरूममध्ये रांगायचं असतं. कुठला पाइप कुठून निघतो, कुठल्या पंपातून जातो, कुठे संपतो ते हातानं चाचपत जायचं आणि आपल्या वहीत आपल्या हातानं काढायचं. जहाजाचा छापील नकाशा असतो. पण काकांच्या मते दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर विसंबणारा इंजिनिअर एक ना एक दिवस डिझेलच्या जागी समुद्र ओढतो.

तर या माणसानं पुढे एक अख्खं रोमन शहर ट्रेस केलं.

झालं असं, की त्यांचं जहाज इटलीत रोमजवळच्या किनाऱ्याला तेल उतरवायला लागायचं. जमिनीवर उतरायला मिळायचे चार-पाच तास. तेवढ्यात रोमला जाऊन यायचं म्हणजे धावपळ, म्हणून बाकीचे लोक जवळच्या बाजारात जायचे. काकांना कोणीतरी सांगितलं की इथं जवळच ओस्तिया नावाचं जुनं बंदर आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं. नदीनं गाळ आणून आणून समुद्र लांब ढकलला, बंदर बुडालं नाही, कोरडं पडलं. माणसं निघून गेली आणि विटांचं गाव तसंच उभं राहिलं. काका टॉर्च आणि वही घेऊन गेले. पहिल्यांदा अठ्ठ्याऐंशी साली, मग चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव आणि दोन हजार दोन. चार खेपा मिळून एकूण सतरा तास. त्या सतरा तासांवर ते गेली वीस-बावीस वर्षं बोलतायत.

"रोम म्हणजे मंत्रालय," असं त्यांचं पहिलं वाक्य असतं. "तिथं राजे, सेनापती, भाषणं. ओस्तिया म्हणजे आपण. बंदरात कामाला आलेली माणसं. कोण आफ्रिकेतून, कोण सीरियातून. पाच-पाच मजली बिल्डिंगा, खाली दुकानं, वर भाडेकरू. कोपऱ्यावर तयार जेवण. हे खाली बघ," असं म्हणून ते खिडकीतून बुकित बातोक दाखवतात, "ह्याच्यात आणि त्याच्यात फरक फक्त लिफ्टचा."

मी त्या घरात राहायला लागून तीन वर्षं झाली. या काळात ही ओळ मी कुरियरवाल्याला, एसी साफ करायला आलेल्या माणसाला आणि काकूंच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना ऐकवली जाताना पाहिली आहे. डॉक्टर चिनी होते. त्यांनी वहीतला हमामखान्याच्या भट्टीचा नकाशा नीट पाहिला आणि काकूंच्या डोळ्यांत थेंब घातले.

गेल्या वर्षी आमच्या ग्रुपची इटलीची ट्रिप ठरली. ग्रुप म्हणजे आसपासच्या ब्लॉकमधली पंचवीस-तीस मराठी माणसं. गणपती एकत्र बसवतो, भांडतोही एकत्रच. अनघाताई पुढाकार घेणाऱ्या. त्या बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर असल्यामुळे ग्रुपमधल्या कुठल्याही गोष्टीचा त्यांच्याकडे तक्ता असतो. दहा दिवसांच्या तक्त्यात शेवटच्या दिवशी एक चौकोन रिकामा होता. रात्रीच्या विमानाआधी अर्धा दिवस, बस एकच. काकांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ओस्तिया विमानतळाच्या वाटेवरच आहे. गाइड लागणार नाही. मी आहे. मराठीतून दाखवतो."

त्याच चौकोनावर शिरीषनं दुसरं बोट ठेवलं. हा कोथरूडचा, एका आयटी कंपनीत बऱ्यापैकी वरचा साहेब. "तिथंच एक मोठा आउटलेट मॉल पण आहे, चीफ. ब्रँडेड. अर्ध्या किमतीत. पडक्या भिंती काय, नऊ दिवस बघणारच आहोत."

अनघाताईंनी तोडगा काढला. काकांनी एका रविवारी सकाळी नमुन्याची टूर द्यावी, मग मी व्हॉट्सॲपवर मतदान टाकावं.

नमुन्याची टूर बुकित बातोकमध्येच झाली. काकांनी ओस्तिया आमच्या ब्लॉकवर बसवलं होतं. पत्रपेट्या म्हणजे शहराचा दरवाजा, बिल्डिंगखालची मोकळी जागा म्हणजे चौक, कोपीवाल्या, म्हणजे कॉफीवाल्या, अंकलचा स्टॉल म्हणजे रोमन खानावळ. कल्पना झकास होती. पण काका पडले जहाजी. त्यांनी सुरुवात केली ती डोकी मोजून, मग आणीबाणीत कुठे जमायचं, मग शिट्टीचे अर्थ. बारा मिनिटं झाली तरी आम्ही पत्रपेट्यांपाशीच. मग ते निघाले, आणि निघाले ते निघालेच. टॉर्च डोक्यावर धरून, झपाझप, दहा-बारा पावलं पुढे. आवाज वाऱ्यावर. मागच्यांच्या कानावर फक्त "शिशाचा पाइप", "उतार बघा उतार" आणि "सांडपाणी" एवढंच येत होतं. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारापाशी ते चाळीस मिनिटं थांबले. रोमन गटारं किती सुरेख होती हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले असावेत, पण ते आमच्याकडे पाठ करून गटारात बघत असल्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

अनघाताईंची अकरा वर्षांची मैत्रेयी म्हणाली, "Uncle, so when is the Rome starting?"

"This is Rome," काका म्हणाले.

"This is longkang lah, uncle."

लोंगकांग म्हणजे इथल्या बोलीत गटार. तेवढं एक वाक्य मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

या सगळ्यात सुलभाकाकू सर्वांत मागे, माझ्या बरोबरीनं, हातात पाण्याची बाटली आणि काकांची टोपी घेऊन चालत होत्या. टोपी द्यायला त्या दोनदा पुढे जायचा प्रयत्न करून आल्या. गाठ पडली नाही.

संध्याकाळी मी मतदान टाकलं. व्हॉट्सॲपच्या मतदानात कोणी कुणाला मत दिलं हे सगळ्यांना दिसतं, हे ज्यानं ठरवलं त्यानं एकत्र कुटुंबात दिवस काढलेले नसणार. ओस्तिया अकरा, आउटलेट तेरा. आउटलेटच्या यादीत तिसरं नाव होतं, सुलभा मयेकर.

ग्रुपवर एरवी गुड मॉर्निंगच्या फुलांना जागा पुरत नाही. त्या संध्याकाळी कोणी काही टाइप करेना.

काका हॉलमध्ये फोन हातात धरून बसले होते. मी स्वयंपाकघरात गेलो. काकू मेथी निवडत होत्या.

"काकू, चुकून दुसरीकडे दाबलं गेलं असेल तर बदलता येतं," मी म्हणालो.

"चष्मा लावून दाबलंय."

"पण तुम्ही तरी..."

"का, मी तरी काय?" त्यांनी एक काडी मोडली. "प्रबोध, मला ते ओस्तिया पाठ आहे. पोळ्या लाटताना ऐकलंय, पाहुण्यांना वाढताना ऐकलंय. हे सगळ्यांना सांगतात. आज आलेल्या माणसाला सांगतात. मी आपली मागे. तिथं जाऊन वेगळं काय होणार आहे? हे पुढे टॉर्च धरून, आणि मी मागे टोपी धरून. ते मला इथंच मिळतं, त्याला इटलीला कशाला जायला हवं? त्या मॉलमध्ये बसायला बाकं तरी असतील."

ते खरंच होतं. काका बायकोच्या पुढेच चालतात. मुद्दाम नाही. जहाजात एकामागून एक चालण्याइतकीच वाट असते आणि चीफ पुढे असतो, तसे. एकदा भाजीला लिटिल इंडियाला निघालेले असताना काका एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चढले, दारं मिटली आणि काकू फलाटावर राहिल्या. आत बसून काका शेजारच्या सीटशी अर्धा मिनिट बोलत होते म्हणे. पुढच्या स्टेशनवर, जुरॉंग ईस्टला उतरून परत आले तेव्हा काकू बाकावर बसून भाजीच्या यादीत वाटाणे लिहीत होत्या.

मी मेथीच्या चार काड्या निवडल्या आणि बाहेर आलो. काका म्हणाले, "काय म्हणते?"

"काही नाही. मेथी आहे आज."

"हं." ते फोनकडे बघत होते. "गुडघ्यांमुळे असेल का रे? तिथले दगड मोठे आहेत. उंचसखल."

"गुडघ्यांमुळे नाही."

त्यांनी पुढे विचारलं नाही. मला वाटतं त्यांना कळलं असावं, किंवा कळत नाहीये एवढं तरी कळलं असावं. थोड्या वेळानं म्हणाले, "तुला सांगतो, चारी वेळा तिथं एकटाच होतो. दर खेपेला ठरवायचो, पुढल्या वेळी हिला आणायचं. जहाजावर बायको नेता यायची, पण तेव्हा मुलाची, दर्शनची शाळा, आईचं आजारपण. जमलं नाही. आता जमतंय तर..." त्यांनी बोटानं पडद्यावर काहीतरी केलं. "हे बदलता येतं म्हणालास ना आत?"

माझा फोन थरथरला. ओस्तिया दहा, आउटलेट चौदा. आउटलेटच्या यादीत शेवटचं नाव, चीफ मयेकर.

"काका, हे काय?"

"ती नाही तर मला तिथं काय बघायचंय? मला पाठ आहे ते." ते उठले आणि गॅलरीत जाऊन उगाच एसीचा पाइप चाचपायला लागले.

आत काकूंचा फोन ओट्यावर होता. मेथी तशीच टाकून त्यांनी तो उचलला असावा. मग त्या दारात आल्या, चष्मा कपाळावर, फोन हातात.

"हे यांनी केलं?"

"हो."

"तू सांगितलंस?"

"नाही. शपथ."

गॅलरीकडे बघत त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या मागून आला, आणि आला तो मॉलमध्ये." मग खुर्ची ओढून बसल्या, चष्मा खाली घेतला आणि एक बोट उंचावून बराच वेळ पडद्यावर नेम धरून राहिल्या.

माझा फोन पुन्हा थरथरला. ओस्तिया अकरा, आउटलेट तेरा. आता नवरा मॉलमध्ये आणि बायको ओस्तियात. मग ग्रुपवर काकूंचा आवाजी निरोप आला, नऊ सेकंदांचा. "मी सुलभा बोलतेय. मी ओस्तियाला जाणार आहे. यांचं मत यांनी द्यावं. मेथी निवडायची राहिलीय, फोन ठेवते."

पंधरा मिनिटांत सतरा विरुद्ध सात झालं. लोक फिरले ते रोमन साम्राज्यासाठी फिरले असं मी म्हणणार नाही. मयेकरांच्या संसारात आता काय होतं ते बघायला फिरले. काकांचं मत सतरावं.

प्रत्यक्ष रोममध्ये आम्हाला इंग्रजीतून बोलणारी गाइड होती. हुशार बाई, कानात यंत्रं दिली होती, त्यातून ती सम्राटांची नावं ओतायची आणि आम्ही माना हलवायचो. बसमध्ये परतल्यावर शिरीष म्हणाला, "ज्यानं बांधलं आणि ज्यानं जाळलं तो एकच का?" कोणालाच सांगता आलं नाही. काका मात्र मिटून होते. नऊ दिवस त्यांनी एकाही गोष्टीवर मत दिलं नाही, फक्त एका कारंज्यापाशी खाली वाकून आले.

दहाव्या दिवशी आम्ही ओस्तियाच्या फाटकातून आत गेलो. ऊन, छत्रीसारखे पसरलेले पाइनचे वृक्ष, आणि मोठमोठ्या काळ्या दगडांचा सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती, छप्परं गेलेली. काकांनी एकदा मागे वळून डोकी मोजली. काकूंना म्हणाले, "सांभाळून, दगड वरखाली आहेत." मग टॉर्च वर धरली, भर दुपारी, आणि निघाले. दहा पावलं, बारा पावलं. त्यांच्याही लक्षात आलं नाही. पाय सवयीनं निघून गेले.

काकू माझ्या शेजारी थांबल्या. पिशवीतून टोपी काढून हातात धरली.

उजव्या हाताला हमामखाना लागला. खाली काळ्यापांढऱ्या तुकड्यांची भलीमोठी फरशी, त्यात समुद्राचा देव घोडे हाकतोय. काका कठड्यापाशी उभे राहून सांगायला लागले, खड्या आवाजात, भट्टी कुठे, गरम हवा फरशीखालून कशी. तेवढ्यात मागून तिथला एक रखवालदार आला. गळ्यात ओळखपत्र, पोट मोठं, चेहरा शांत. त्यानं काकांकडे आणि आमच्या चोवीस माणसांच्या घोळक्याकडे पाहिलं.

"यू गाइड?" त्यानं विचारलं. "लायसन्स, प्लीज."

इटलीत परवाना असल्याशिवाय लोकांना फिरवून माहिती द्यायची नसते हे आमच्या तक्त्यात कुठेच नव्हतं. अनघाताईंचा चेहरा उतरला. काका मात्र शांतपणे म्हणाले, "येस, येस," आणि खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद काढून त्याच्या हाती दिला. तो त्यांचा चीफ इंजिनिअरच्या परीक्षेचा दाखला होता. क्लास वन, मोटर, म्हणजे डिझेल इंजिनांचा. काका त्याची प्रत घेतल्याशिवाय खाली कोपीवाल्याकडेही जात नाहीत.

रखवालदारानं तो मन लावून वाचला. "मोटर?" त्यानं विचारलं.

"स्टीम ऑल्सो," काका म्हणाले.

"व्हेरी गुड." कागद त्यानं परत दिला. "बट नॉट गाइड." आणि तोंडापुढे बोट धरून मान हलवली. बोलायचं नाही.

ओळख झाल्यापासून मी काकांना कधी असं पाहिलं नव्हतं. टॉर्च अजून वरच होती, पण तिच्याखालचा माणूस खचला होता. सतरा तासांचं शहर समोर पसरलेलं आणि तोंड बंद. आम्ही सगळे दगडांकडे बघायला लागलो. शिरीषसुद्धा.

मग घोळक्याच्या मागून, दगडावर एकेक पाय सांभाळत, माणसांना बाजूला करत सुलभाकाकू पुढे आल्या. रखवालदारासमोर उभ्या राहिल्या. काकूंचं इंग्रजी भाजीबाजारात तयार झालेलं आहे, थोडक्यात असतं.

"ही नॉट गाइड," त्या म्हणाल्या. "ही हजबंड."

रखवालदारानं चोवीस माणसांकडे पुन्हा पाहिलं. "हजबंड ऑफ ऑल?"

"ओन्ली माइन."

"अँड ऑल दिस टॉकिंग?"

"फॉर मी," काकू म्हणाल्या. "ऑल्वेज लाइक धिस. फॉर्टी इयर्स."

त्यानं काकूंकडे जरा सहानुभूतीनं पाहिलं, असं मला वाटलं. त्याच्याही घरी कोणी असेल. मग त्यानं दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली, एक काका, एक काकू. "हजबंड टॉक टू वाइफ, ओके. स्मॉल व्हॉइस." आणि आमच्याकडे हात करून म्हणाला, "नॉट टू देम." एवढं सांगून तो समोरच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला, म्हणजे नजर राहील असा.

काकांनी टॉर्च खाली घेतली. काकूंनी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली. आणि दोघं चालायला लागले, बरोबरीनं, कारण हळू आवाजात बोलायचं तर दुसरा इलाज नव्हता. आम्ही मागून. आमचा आणि त्यांचा काही संबंध नाही असं दाखवत, पण इतके दाटून, की माझ्या खांद्यावर शिरीषची हनुवटी होती.

"शू," शिरीष मैत्रेयीला म्हणाला, "ऐकू दे."

काका निराळंच बोलत होते. उतार नाही, व्यास नाही. "हे बघ, हा चर दिसतो? गाड्यांच्या चाकांनी पडलाय. इथं जरा डावीकडून ये, तो दगड हलतो. हा जिना दिसतोय ना, वर भाडेकरू राहायचे. पाणी खालून भरून न्यायला लागायचं, चार मजले. आपल्या डोंबिवलीसारखं."

"बायकाच नेत असतील," काकू म्हणाल्या.

"हं," काका म्हणाले. हा मुद्दा त्यांच्या वहीत नसावा.

नाटकाच्या दगडी पायऱ्यांच्या मागे एक मोठा चौक आहे, त्याभोवती जहाज कंपन्यांची ऑफिसं होती. प्रत्येकाच्या उंबऱ्यापुढे फरशीत तिचं तिचं चित्र. कुठे जहाज, कुठे दीपगृह, कुठे हत्ती. काका एका जहाजापाशी थांबले. "इथं पहिल्यांदा आलो तेव्हा खूप वेळ बसलो होतो. अठ्ठ्याऐंशी. वाटलं, आपल्याच कंपनीच्या एजंटचं ऑफिस. आत जाऊन विचारावं, घरचं पत्र आलंय का."

"अठ्ठ्याऐंशी कधी?"

"जानेवारी. थंडी होती."

काकूंनी जरा आठवून पाहिलं. "तेव्हा मी लुना शिकत होते."

"लुना? तू?"

"शेजारच्या वहिनींची. टिळकनगरच्या मैदानात. पडले, कोपर फुटलं. सात टाके पडले." त्यांनी बाही वर करून दाखवलं. काका वाकले, जसे ते पाइपापाशी वाकतात तसे, आणि बघत राहिले.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"कधी सांगणार? बंदरातून फोन यायचा आठ मिनिटांचा. त्यात सात मिनिटं तुमचं ओस्तिया."

मागे आमच्यात कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. काकांनी वळून पाहिलं नाही.

पुढच्या गल्लीत ती खानावळ आहे. संगमरवरी कट्टा, आत भिंतीवर खाण्याच्या पदार्थांचं रंगीत चित्र अजून टिकून आहे, आणि दाराबाहेर दगडी बाकं. काका या जागेवर एरवी अर्धा तास बोलतात. त्यांनी रुमालानं बाक झटकलं, काकू बसल्या, ते शेजारी बसले.

"चौऱ्याण्णवला इथं बसून डबा खाल्ला होता," ते म्हणाले. "मार्च होता." मग पुढचं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, खानावळीत काय मिळायचं, कढया कशा बसवायचे, ते सगळं. ते मिटलं. आणि त्यांनी विचारलं, "तुमचं काय चाललं होतं तेव्हा?"

काकूंना हा प्रश्न ओळखीचा नव्हता.

"दर्शनला कांजिण्या आल्या होत्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईंना वाटलं देवी. त्या देव्हाऱ्यापुढून उठेनात. मी एकीकडे त्याला कडुलिंबाच्या पाल्यानं..." आणि आवाज आणखी खाली गेला.

अनघाताईंनी आम्हाला हातानं मागे सरायची खूण केली. चोवीसातली बावीस माणसं पाय न वाजवता गल्लीतून बाहेर पडली. मैत्रेयीनं विचारलं, "Uncle not explaining already ah?"

"काकू सांगतायत आता," अनघाताई म्हणाल्या.

"Then who explain to us?"

कोणीच नाही. मैत्रेयीनं मग फलकांवरचे बाण बघून आम्हाला रोमन लोकांच्या सार्वजनिक संडासात नेलं. वीसेक दगडी भोकं, शेजारीशेजारी, मध्ये आडपडदा नाही. शिरीषनं तिथं बसून फोटो काढून घेतला. पाणी कुठून यायचं आणि कुठून जायचं, असं त्यानंच विचारलं, आणि करमाळ्याचा मी गुडघ्यावर वाकून त्याला दाखवलं. एके ठिकाणी चुकलो असणार. दुरुस्त करायला कोणी नव्हतं.

बस चारला निघायची होती. सव्वाचारला ड्रायव्हरनं घड्याळ दाखवलं. साडेचारला मी खानावळीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. दोघं बाकावरच होते. काकू हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, बहुधा सत्त्याण्णव साल चालू असावं. काकांनी वही मांडीवर उघडली होती आणि पेन्सिलीनं तिच्यात काहीतरी उतरवून घेत होते. तिथल्याही एका झाडाखाली तोच रखवालदार पाठ करून उभा होता.

मी परत बसपाशी आलो. "येतायत," म्हणालो. विमान रात्रीचं होतं, आणि शिरीषनं ड्रायव्हरला कॉफी प्यायला नेलं.